सरोवर सर्वांचे, गाळ कोणाचा?



अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि नेवाडा या राज्यांच्या सीमेवर, डोंगरांच्या कुशीत ताहो नावाचे सरोवर आहे. त्याची खोली सुमारे ५०० मीटर. १९६८ साली त्याच्या पाण्यात सोडलेली पांढरी थाळी सरासरी ३१ मीटर खोलीपर्यंत दिसत असे. २०१७ साली ही सरासरी १८ मीटरांवर आली. वस्तीचे सांडपाणी तर १९७० च्या दशकातच नळांनी खोऱ्याबाहेर नेण्यात आले होते. मग पाण्याची नितळता गेली कशाने?

शास्त्रज्ञांच्या मते मुख्य दोष १६ मायक्रॉनहूनही बारीक कणांचा आहे. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेली वाळू चाकांखाली दळली जाते, उघड्या उतारांची माती सुटते, आणि पावसाच्या व वितळत्या बर्फाच्या पाण्याबरोबर हे सारे सरोवरात उतरते. यांतील सुमारे ७२ टक्के कण वस्तीच्या भागातून येतात. आणि ही वस्ती खोऱ्यातील जमिनीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यावर आहे.

निसर्गाने यावर उपाय योजून ठेवला होता. अप्पर ट्रकी नदी सरोवराला मिळते तेथे विस्तीर्ण दलदल होती. तिच्या गवतात पाणी पसरे, मंदावे आणि गाळ मागे ठेवून पुढे जाई. १९६० च्या दशकात या दलदलीचा मोठा भाग खणून कालवे काढण्यात आले, भराव घालण्यात आले आणि दारात नौका बांधता येईल अशी घरे विकण्यात आली. नफा खाजगी राहिला. दलदल जे काम विनामूल्य करीत होती, ते आता सार्वजनिक पैशाने करावे लागत आहे.

हे काम सोपे नाही. नुसत्या तळ्यात पाणी अडविले तर जाड वाळू बसते, पण बारीक कण कित्येक दिवस तरंगत राहतात. म्हणून पाणी जमिनीत मुरवावे लागते, पाणवनस्पतींतून वा गाळण्यांतून न्यावे लागते. शिवाय तळे गाळाने भरले की ते निकामी होते, आणि मोठ्या पावसात साठलेला गाळच पुन्हा वाहू लागतो. कोनशिला बसविण्यास पुढारी मिळतात. गाळ उपसण्यास मात्र अंदाजपत्रकात रक्कम सापडत नाही. ताहोच्या २०११ सालच्या आराखड्यानुसार चालणाऱ्या व्यवस्थेत म्हणूनच एक शहाणपण आहे. स्थानिक संस्थांना केवळ बांधकामाचे श्रेय मिळत नाही. रस्ते, तळी व गाळण्या सुस्थितीत आहेत, हे त्यांना तपासणीअंती दाखवावे लागते.

सरोवराची घसरण आता बरीचशी थोपली आहे, पण गेलेली नितळता परतलेली नाही. ती सुमारे ३० मीटरांवर नेण्यास आराखड्याने ६५ वर्षे धरली आहेत. काही वर्षांच्या बेबंद बांधकामाची किंमत दोन-तीन पिढ्यांनी फेडावयाची, असा हा हिशेब आहे.

तेव्हा तळ्याकाठी नवी योजना मांडली जाईल, तेथे कार्यकर्त्यांनी दोन प्रश्न विचारले पाहिजेत : ज्यांनी पाणी गढूळ केले, ते या खर्चाचा वाटा उचलणार काय? आणि दहा वर्षांनी गाळ कोण काढणार?