फिरत्या घराचे टायर

बीड जिल्ह्यांत बालाघाटाच्या डोंगरांत कपिलधार आहे. मन्मथस्वामींच्या समाधीस जाणाऱ्या बैलगाडीची लोखंडी धाव खडखडे. पण तींत निजण्याची अपेक्षा कोणी करीत नसे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं ज्या कॅराव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, त्यांतील मोटार हें घरच असतें. आंत वृद्ध माणसें बसतात, मुलें झोंपतात. टायर बदलतांना गृहस्थ ‘शांत आणि मऊ’ टायर मागतो, तें रास्तच आहे.

धोका मऊपणांत आहे. साध्या मोटारीच्या टायरची बाजू लवचिक, म्हणून सुखाची. पण घराचा भार तिला पेलवेलच असें नाहीं. शंभर लिटर पाणी म्हणजेच शंभर किलोग्रॅम. खाटा, शेगडी, माणसें निराळीं! टायरवर मापापुढें भारांक असतो : १०९ म्हणजे १०३० किलोग्रॅम, १२१ म्हणजे १४५०. भरलेलें घर वजनकांट्यावर नेऊन दोन्ही आंसांवरील भार वेगवेगळा मोजावा, मगच दुकानांत जावें.

आवाज बराचसा नक्षीवर अवलंबून. सुट्या, खोल ठोकळ्यांची नक्षी चिखलांत उपयोगी, डांबरी रस्त्यावर मात्र घोंघावते. सलग खोबणींची त्या मानानें शांत. युरोपांत टायरच्या चिठ्ठीवर डेसिबलचा आंकडा असतो; पण तो रस्त्याकडेचा, आंतल्या माणसाच्या कानाशीं मोजलेला नव्हे.

पुष्कळदां नव्या टायरपेक्षां भारानुसार भरलेली हवाच धक्के कमी करते. तिच्याहून हवा कमी केली तर बाजू तापून टायर फुटण्याचें भय. आणि घर महिनोन्‌महिने उभें असल्यास नक्षी शाबूत राहूनही रबर चिरतें. म्हणून कडेवरचे चार आंकडे वाचावेत. १२२४ म्हणजे २०२४ सालचा बारावा आठवडा.