खान अल्-झैतच्या गल्लीतलं हम्मस



इंजिनिअर माणूस म्हणून बोलावलंत आणि मी हम्मसवर बोलणार आहे. हसा, हरकत नाही.

जेरुसलेमला, म्हणजे अल्-कुद्सला, आम्ही टूरवाल्यांच्या बसने गेलो होतो. हॉटेलात डाळ-भात, मग मस्जिद अल्-अक्सा, पुन्हा बस. सगळं चोख. एका सकाळी मी गटातून सटकलो आणि जुन्या शहरातल्या खान अल्-झैत बाजारात शिरलो. नावाचा अर्थ तेलाची सराय. वर छत, दोन्हीकडे दुकानं, फोनवरचा नकाशा भलतीकडेच दाखवत होता. शेवटी एका मसालेवाल्याला फक्त ‘हम्मस?’ एवढंच विचारलं. त्याने बोटाने बाजूची गल्ली दाखवली.

चार टेबलं, पाटी अरबीत. आत एक म्हातारे चाचा दगडी खलात काबुली चणे घोटत होते. अरबीत ‘हम्मस’ म्हणजे मुळात चणाच. रात्रभर भिजवायचे, खायचा सोडा घालून साल सुटेपर्यंत शिजवायचे, मग ताहिनी, म्हणजे तिळाचं गंधासारखं वाटण, लिंबू, लसूण. आपल्याकडे डब्यातलं थंडगार मिळतं ते विसरा. हे कोमट होतं, मधल्या खळग्यात ऑलिव्ह तेल, सोबत कच्चा कांदा आणि लोणचं. चमचा नाही, रोटीनेच खायचं.

हम्मस कुणाचं यावर भांडणंही आहेत. 2010 मध्ये लेबनॉनने 10,452 किलोचं हम्मस करून विक्रम केला. आकडा देशाच्या चौरस किलोमीटरांइतका! चाचांना त्यात रस नव्हता.

‘हिंदी?’ त्यांनी विचारलं. मग हातानेच दिशा दाखवत सांगितलं, तुमची ‘जाविया हिंदिया’ तिकडे आहे. बाबा फरीद तिथे राहिले होते असं मानतात, ती ही सराय. नंतर मोडक्या इंग्रजीत म्हणाले, ‘तुमच्या बसवाल्यांना भूक लागत नाही का?’

मला उत्तर सुचलं नाही. आपण अल्-कुद्ससाठी दुआ करतो, पोस्ट टाकतो, तिथे जाऊन रडतोही. पण ज्यांनी तिथे दुकान उघडं ठेवलंय त्यांच्याकडे एक वाटी खात नाही. त्या गल्लीत कितीतरी शटर बंद होती. तुमच्यापैकी कुणी जाणार असेल, घरातलं कुणी जाणार असेल, तर हॉटेलातलं एक जेवण सोडायला सांगा.

दुसऱ्या दिवशी मी गटातल्या सहा जणांना घेऊन गेलो. पोचेपर्यंत दुपार झाली. चाचा रिकामं पातेलं पुसत होते. म्हणाले, ‘उद्या लवकर या.’

आमची बस पहाटेची होती.