अर्धी नोकरी हातात असताना



आपल्या जिल्ह्यात शिकलेली बरीच मुलं-मुली अर्धवेळ काम करत पूर्णवेळ नोकरी शोधत असतात. कुणी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतं, कुणी संध्याकाळी क्लास घेतं, कुणी सीएच्या ऑफिसात चार तास जीएसटीचं काम करतं, कुणी दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळतं. घरी अब्बा म्हणतात, "आहे ते सांभाळ." पुण्याचा मित्र म्हणतो, "सोड ते सगळं, इकडे ये." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून हिशोबाने बोलतो: सोडू नका, पण त्यात मुरूही नका.

हिशोब असा. २०२२ मध्ये लेड बाय फाउंडेशनने एक अहवाल काढला. त्यांनी दोन सारख्याच पात्रतेचे बायोडेटा तयार केले. एकावर नाव हबीबा अली, दुसऱ्यावर प्रियांका शर्मा. दहा महिन्यांत १००० जागांसाठी दोघींचे अर्ज गेले. प्रियांकाला २०८ ठिकाणांहून सकारात्मक उत्तर आलं, हबीबाला १०३ ठिकाणांहून. शिक्षण तेच, कौशल्य तेच, फरक फक्त नावाचा.

हे चूक आहे आणि त्याविरुद्ध बोलत राहायलाच हवं. पण उद्या सकाळी अर्ज करणाऱ्याने यातून काय घ्यायचं? मी दोन गोष्टी घेतो. पन्नास अर्जांना उत्तर आलं नाही, तर लगेच "माझ्यातच काही नाही" असं समजू नका. आणि इतरांना सहा महिने लागत असतील, तर आपण वर्षाची तयारी ठेवा. ते वर्ष काढायला पैसा लागतो. अर्धवेळ नोकरीचा खरा उपयोग हा आहे: ती आपल्याला मुदत देते.

ऊसतोडीचं उदाहरण इथे कुणाला समजावून सांगायला नको. मुकादमाकडून उचल घेतली की कोयत्याला दराबद्दल फार बोलता येत नाही. उसने पैसे घेऊन पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या इंजिनिअरचंही तेच होतं. तिसऱ्या महिन्यात तो मिळेल त्या पगारावर हो म्हणतो. महिन्याला आठ-दहा हजार का होईना येत असतील, तर "विचार करून सांगतो" एवढं तरी म्हणता येतं.

आता धोका. "निदान काहीतरी चालू आहे" या वाक्यात पाच वर्षं निघून जातात. तासिकेवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. दरवर्षी नवी नेमणूक, सुट्टीत पैसे नाहीत, आणि पुढच्या वर्षी कायम होऊ ही आशा. म्हणून एक तारीख ठरवा आणि घरच्यांनाही सांगा. रोज दोन तास शोधासाठी ठेवा. एक तास अर्ज आणि ओळखीच्या लोकांशी बोलणं, एक तास नवं शिकणं. आपले सीनियर ज्या कंपनीत आहेत, तिथे त्यांना रेफरल मागा. त्यात लाज कसली? नावावरून बाजूला पडणारा अर्ज निदान उघडून वाचला जाण्याची शक्यता वाढते.

मालकाच्या वेळेत आणि त्याच्या कॉम्प्युटरवर हा शोध करू नका. ज्या चार तासांचे पैसे घेता, ते चार तास त्याचे. उद्या संदर्भासाठी फोन त्यालाच जाणार आहे.

बायोडेटात अर्धवेळ काम लपवू नका आणि त्याला पूर्णवेळही म्हणू नका. तपासणीत ते उघडं पडतं. उलट नेमकं लिहा: आठवड्याला किती तास, काय केलं. "बीसीएच्या दोन वर्गांना डेटाबेस शिकवला" हे वाक्य "अनुभव दोन वर्षे" यापेक्षा जास्त सांगतं.

कागद आजपासून जमवा. नेमणुकीचं पत्र, पगार बँकेत जमा झाल्याची नोंद, अनुभवाचा दाखला. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवायला देऊ नका. पीएफ कापला जात असेल, तर नव्या ठिकाणी तोच यूएएन नंबर द्या आणि मधे पैसे काढू नका, कारण पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा धरतात. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याचा नंबर तिथेच ब्लॉक करा.

"सोडल्यावर दुसरीकडे काम करता येणार नाही" असं कुणी लिहून घेतलं असेल तर घाबरू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे अशी बंदी सहसा टिकत नाही. मात्र नोटिसची मुदत पाळा. आणि राजीनामा कधी द्यायचा? नव्या नोकरीचं पत्र हातात पडल्यावर. फोनवरच्या "तुमचं झालंच समजा" वर नाही.

शेवटचं, खास मुलींसाठी. घरून चालणारं अर्धवेळ काम म्हणजे "टाइमपास" नव्हे. ते अनुभव म्हणून लिहा आणि त्यावर पुढची नोकरी मागा. आज घरी गेल्यावर बायोडेटा उघडा, ती एक ओळ नीट लिहा आणि पुढची तारीख ठरवा.