शिकाऊ डॉक्टर प्रश्न विचारतात तेव्हा



वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथली पहिल्या वर्षाची मुलंमुली एका गावात मुक्कामाला जातात. प्रत्येकाला काही घरं नेमून दिलेली असतात. पाणी कुठलं, जेवण काय, बाळंतपण कुठं झालं, हे ती घरोघरी विचारून शिकतात.

अशा कॉलेजच्या दवाखान्यात आपल्यालाही तेच प्रश्न दोघं-तिघं विचारतात. कंटाळू नका. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरं जाणं, लाजून लपवू नका. दुसऱ्यांदा सांगताना राहून गेलेलं आठवतं. तपासताना संकोच वाटला, तर सोबत बाईमाणूस हवं म्हणून सांगा.

कुणी संशोधनासाठी रक्त किंवा माहिती मागितली, तर अंगठा उठवण्याआधी कागद वाचून घ्या. हे कशासाठी? त्रास काय होईल? नाव गुप्त राहील ना? पटलं नाही तर नाही म्हणा. होकार देऊन मधेच थांबलात तरी चालतं. त्यापायी तुमचा उपचार बंद करता येत नाही.

पुढच्या बैठकीत हे गटातल्या सगळ्याजणींना नक्की सांगा.