काम आहे, कारागीर हवेत : देवळी तालुका आणि कौशल्यशिक्षण

देवळी तालुक्यात कामगारांची टंचाई आणि तरुणांची बेरोजगारी एकाच वेळी नांदते. वर्ध्याहून यवतमाळकडे जाताना सतरा-अठरा किलोमीटरवर देवळी लागते. गावाजवळच एमआयडीसी आहे आणि तिथे पोलादाचे कारखाने आहेत. मुलूख कापसाचा, म्हणून जिनिंग-प्रेसिंगही आहेच. तालुक्यातल्या पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला आणि देवळीला रेल्वे आली. तरीही इथला बी.ए. झालेला मुलगा काम शोधत पुण्याकडे जातो, आणि कारखान्याला चांगला वेल्डर परराज्यातून आणावा लागतो.

टंचाई सरसकट नाही. ओझी उचलायला माणसे मिळतात, हिशेब लिहायलाही मिळतात. अडते ते मधल्या फळीत: वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, क्रेन चालवणारा, यंत्राचा बिघाड आवाजावरून ओळखणारा. या कामांना लागतो तो हाताचा सराव, आणि तो वर्गात बसून येत नाही.

वेल्डरची परीक्षा कशी होते ते पाहिले म्हणजे हे लक्षात येते. कारखान्यात उमेदवाराला लोखंडाच्या दोन पट्ट्या जोडायला देतात. जोड निवाला की हातोडीने वरचा मळ उडवतात आणि मग जोडाची रेघ पाहतात. रेघ सारख्या रुंदीची आहे का, कडेला लोखंड खाल्ले गेले आहे का, मध्ये टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आहेत का, एवढे पाहिले की बरेच कळते. छिद्रे असली तर बहुधा रॉड दमट होता किंवा पट्टीवरचा गंज-तेल पुसले नव्हते. कड खाल्ली गेली असेल तर करंट जास्त होता किंवा हात चुकीच्या कोनात होता. शेवटी पट्टी वाकवतात, आणि कच्चा जोड तिथे उघडा पडतो. प्रमाणपत्रावर किती टक्के गुण आहेत, हे त्या वेळी कोणी विचारत नाही.

जिनिंगचेही तसेच. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या डबल रोलर यंत्रात चामड्याचा रोलर तंतू ओढून नेतो, स्थिर सुरी सरकी अडवते आणि हलती सुरी ती खाली पाडते. रोलर आणि सुरी यांच्यातला दाब, दोन सुऱ्यांमधले अंतर आणि रोलरवरच्या खाचा यांवर सगळे अवलंबून असते. जुळवणी बिघडली की सरकी फुटते, तंतू तुटतो, रुईचा दर्जा उतरतो आणि तिला भाव कमी मिळतो. हे जमणारा फिटर हंगामात मिळवण्यासाठी मालकांची धावपळ होते. त्याचे शिक्षण मात्र फार दूर नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे सिरकॉटचे, जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपूरला अमरावती रस्त्यावर आहे. तिथे अल्प मुदतीचे अभ्यासक्रम चालतात. कापूस पिकवणाऱ्या घरांतल्या मुलांपर्यंत या केंद्राचे नाव पोहोचत नाही, ही मोठी उणीव आहे.

शिकण्याची मुख्य वाट आयटीआयची. फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. दहावी नापास झालेल्यांनाही काही व्यवसायांना प्रवेश मिळतो, त्यामुळे निकालानंतर घरी बसण्याचे कारण नाही. प्रवेश घेताना दोन गोष्टी विचाराव्यात: कार्यशाळेत प्रत्येक मुलाच्या वाट्याला यंत्र किती तास येते, आणि तो व्यवसाय दुहेरी पद्धतीने शिकवला जातो का. दुहेरी पद्धतीत काही काळ संस्थेत आणि काही काळ कारखान्यात शिक्षण होते. जर्मनीत ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आज त्याच देशाला कामगार कमी पडतात, आणि बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याने कुशल मनुष्यबळासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राशी करार केला.

कामातून शिक्षण हा विचार वर्धा जिल्ह्याला परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी तो मांडला. पुढे झाकीर हुसेन समितीने त्याची योजना आखली आणि सेवाग्रामला नई तालीमची शाळा उभी राहिली. सूतकताई किंवा शेती यांसारखा एखादा उद्योग मध्यभागी आणि त्याच्या अंगाने गणित, विज्ञान, भाषा, अशी ती मांडणी होती. ती सर्वत्र टिकली नाही, याचे मोल आज कारखान्यांना आणि तरुणांनाही मोजावे लागत आहे.

आयटीआयनंतरचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा शिकाऊ उमेदवारीचा. १९६१ च्या कायद्यानुसार ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि या मोजणीत कंत्राटी कामगारही धरले जातात. उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेत केंद्र सरकार त्यातला २५ टक्के, महिन्याला कमाल १,५०० रुपयांपर्यंत, वाटा उचलते. करार शासनाच्या पोर्टलवर नोंदलेला आहे की नाही, हे पहिल्याच दिवशी पाहावे. नोंद नसेल तर वर्षभर घाम गाळूनही हाती प्रमाणपत्र येत नाही. रेल्वेच्या पहिल्या स्तरावरील भरतीत २० टक्के जागा रेल्वेतच शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात, हेही ध्यानात ठेवावे.

बारावी झालेल्यांपासून पदवीधरांपर्यंत सर्वांसाठी राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये महिना ठरला. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिने झाली. विद्यावेतन सगळीकडे तेच असले तरी जागा सारख्या नाहीत. कार्यालयात फायली वाहण्यापेक्षा जिथे यंत्र, प्रयोगशाळा किंवा ग्राहक यांच्याशी संबंध येईल ती जागा निवडणे केव्हाही हिताचे.

सुतार, लोहार, गवंडी, शिंपी अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ पासून आहे. तिच्यात प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळते. स्वतःचा धंदा काढू पाहणाऱ्यांसाठी बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, विनामूल्य निवासी वर्ग घेतात. ग्रामोद्योगात उतरायचे असेल तर वर्ध्याच्या मगनवाडीतली महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था हाताशी आहे.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे. शासकीय आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी असतात, पण त्यांची गर्दी शिवणकाम आणि संगणक या व्यवसायांकडेच दिसते. इलेक्ट्रिशियनची वायरिंग किंवा कारखान्यातली तपासणी ही कामे मुलींनी न घेण्याचे काहीच कारण नाही. खरी अडचण संध्याकाळच्या एसटीची, कारखान्यातल्या स्वच्छतागृहाची आणि पाळी सुटल्यावर घरी पोहोचण्याची असते. प्रशिक्षण कितीही चांगले असले तरी हे सुटल्याशिवाय मुली टिकत नाहीत, आणि ते सोडवणे कारखानदारांच्या हातात आहे.

कारखानदारांचे काम एवढ्यावर संपत नाही. आयटीआयच्या संस्था व्यवस्थापन समितीवर उद्योगांचे प्रतिनिधी असतात. वेल्डर कमी पडतात अशी तक्रार करणाऱ्यांनी त्या बैठकीला जाऊन पुढच्या वर्षी कोणते कारागीर किती लागतील हे लेखी सांगावे, सरावासाठी लोखंडाचे तुकडे आणि रॉड द्यावेत, आणि आपल्याकडचा मुरलेला मिस्त्री महिन्यातून एखादा दिवस कार्यशाळेत पाठवावा.