कानाने शिकलेले इंग्रजी

इंग्रजीचे व्याकरण मला येत होते. पण लंडनहून इंग्रज विहीणबाईंचा फोन आला की तोंडातून शब्द फुटत नसे. मग बी. बी. सी.ची १९४२ पासून चालत आलेली ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ ही मुलाखतमाला ऐकू लागले. नामवंत पाहुण्याने निर्जन बेटावर न्यायच्या आठ ध्वनिमुद्रिका निवडायच्या, आणि त्या निमित्ताने आपले आयुष्य सांगायचे. डेव्हिड अ‍ॅटनबरोंची २०१२ ची मुलाखत मी थांबवून थांबवून ऐकली, मागोमाग म्हणून पाहिली. जुन्या सवयी सांगताना हे लोक ‘यूज्ड टू’ने सुरुवात करून पुढे नुसत्या ‘वुड’वर भागवतात, हे असे कानानेच कळते. आणि मोठी माणसेही अडखळतात हो, वाक्य अर्धे सोडतात! माझी निम्मी भीती तिथेच गेली. परवा विहीणबाईंना पुरणपोळी इंग्रजीत समजावली; कटाची आमटी मात्र मराठीतच राहिली.