बंद यंत्र सर्वांत महाग
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"तू नक्की डॉक्टर की इंजिनिअर?" असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. मी बायोमेडिकल इंजिनिअर. मी रुग्ण तपासत नाही; रुग्ण ज्या यंत्रांच्या भरवशावर असतो, ती तपासतो.

उपचार इतके महाग का, हा घराघरातला प्रश्न. त्याचं एक उत्तर आपल्याच देशात सापडलं आहे. लहानपणी घशाच्या संसर्गाकडे दुर्लक्ष झालं, तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. हा मुख्यतः गरिबांचा आजार, पण कृत्रिम झडप यायची परदेशातून. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांनी डॉक्टर आणि इंजिनिअर यांना एकत्र कामाला लावलं. झडप वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा उघडते आणि मिटते. पहिली तीन मॉडेल्स चाचण्यांत टिकली नाहीत. चौथ्यात धातूच्या चौकटीत खास प्लास्टिकची चकती बसवली. डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाच्या हृदयात बसली, आणि परदेशी झडपेपेक्षा बरीच स्वस्त पडली.

पण वस्तू स्वस्त झाली म्हणजे उपचार स्वस्त झाला, असं नाही. एका तालुक्याच्या रुग्णालयात मी देणगीतून आलेला नवजात बाळांचा वॉर्मर पाहिला. बाळाचं तापमान मोजणारा त्याचा लहानसा सेन्सर बिघडला होता, एवढंच. तेवढ्यासाठी बाळांना शहरात पाठवत होते. गाडीभाडं, बापाची बुडालेली मजुरी, आईचे हाल आणि वाटेत बाळाला लागणारी थंडी, हे कोणत्याच बिलात दिसत नाही.

आपल्या बॅचने शाळेजवळच्या ग्रामीण रुग्णालयाला यंत्र द्यायचं ठरवलं आहे, याचा मला आनंद आहे. फक्त खरेदीआधी तीन प्रश्न विचारूया. विजेचा दाब कमी-जास्त झाला तर यंत्र टिकेल का? सुटे भाग कुठे आणि किती वर्षं मिळतील? तिथल्या सिस्टरना ते वापरायला कोण शिकवणार?

आणि एक विनंती. कोनशिलेवर आपली नावं नसली तरी चालेल, पण निधीतला काही भाग देखभालीसाठी बाजूला ठेवूया. दरवर्षी तपासणीला मी स्वखर्चाने येईन. शाळेचं तेवढं देणं लागतो.